कासऱ्यावरचा क्लच

संक्रांतीच्या आधीचा रविवार, सकाळी चहा झाल्यानंतर. ठिकाण : अकोट रस्त्यापासून थोडं आत असलेल्या आमच्या गावातल्या घराचं अंगण. हजर : बाबा, आई, माझा धाकटा भाऊ (अकोल्याहून), शेजारचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका (कुणी बोलावलं नसताना) आणि मी (अमरावतीहून, पहिल्या गाडीनं अकोला आणि तिथून भावाच्या मागे बसून). गैरहजर : भावाची बायको, कारण अकोल्यात जठारपेठेतलं त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान रविवारीही उघडं असतं. मोटारसायकल निंबाखाली उभी होती. बैठक तिच्याबद्दलच होती.

भावाचा प्रस्ताव साधा होता. मोटारसायकल विकायची आणि बाबांना मोपेड घेऊन द्यायची. प्रस्ताव मला वाटेतच पाठ झाला होता, कारण अकोल्यापासून गावापर्यंत तो हेल्मेटच्या आतून ओरडून तेच सांगत आला होता.

पार्श्वभूमी अशी. पोळ्याच्या दिवशी बाबा बैलाला झूल घालत होते. दावं डाव्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. कुणीतरी फटाका लावला, बैल उधळला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं पुरती मिटेनात. पेला धरता यायचा, क्लच दाबता यायचा नाही. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. बाबांनी तो नातवाला दिला.

मोटारसायकलचा क्लच डाव्या हाताला असतो. तो दाबायचा, डाव्या पायानं गियर टाकायचा, क्लच हळू सोडायचा, गाडी निघते. डावा हातच बसला तर माणूस एसटीनं फिरायला लागतो. बाबांनी तसं केलं नाही. त्यांनी गोठ्यातून जुना कासरा आणला, बैल हाकायची ती दोरी. तिचं एक टोक क्लचच्या दांडीला बांधलं, दुसरं काखेखालून मागे घेतलं आणि मागे बसलेल्या आईच्या हातात दिलं. बाबा "धर" म्हणाले की आईनं कासरा ओढायचा. बाबा पायानं गियर टाकणार. "सोड" म्हणाले की आईनं सोडायचा. दिवाळीपासून दोघं असे फिरत होते. घरात कुणाला पत्ता नव्हता. मग भावाच्या दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं वायर मोजून घेता घेता विचारलं, "काहून बे, तुह्या बापाले तुही माय हाकून राहिली म्हंते?"

भावाला ते लागलं. त्यानंतर कुणीतरी काढलेला व्हिडिओ त्याच्या फोनवर आला, तो त्यानं मला पाठवला, आणि मी रविवारची बैठक ठरवली. आमच्या घरात ठरवायचं काम माझ्याकडे असतं. मी अमरावतीला एका तंत्रनिकेतनाचं भांडार सांभाळते. कुठली वस्तू ठेवायची आणि कुठली मोडीत काढायची हे रोजचंच आहे.

बैठक सुरू व्हायच्या आधी मी स्वयंपाकघरात गेले. आई तीळ भाजत होती. तिची बाजू आधी ऐकून घ्यावी म्हटलं, म्हणजे वेळ वाचतो.

"माय, मोपेड आली तं तुह्या हाताले आराम पडन."

"माहा हात दुखते असं कोन म्हनलं?"

"रस्त्यानं धोका असते."

"धोका तं चुलीपाशीबी असते." तिनं कढई हलवली. "थ्या मोपेडले मागं बसाले काय हाय?"

भावानं मला फोटो दाखवला होता. मागे सीट नव्हती. वांग्याचं पोतं नीट राहावं म्हणून लोखंडी जाळी होती. भावाला ती फार आवडली होती.

"जाळी हाय," मी म्हणाले. "पोतं ठेवाले."

"मंग मी पोतं नाई ना."

तिनं गॅस बारीक केला आणि मी न विचारताच सांगायला लागली. दिवाळीपासून ती अकोटच्या बाजारात जाऊन स्वतः बांगड्या भरून आली होती; आधी बाबा आणायचे, त्या एक तर कोपरापर्यंत जायच्या नाही तर मुठीवरच अडायच्या. तिच्या बहिणीनं अकोटला घर बांधलं होतं, ते तिनं आतापर्यंत फक्त फोनवर पाहिलं होतं. आता पायऱ्या चढून गच्चीपर्यंत पाहिलं. वांग्याची रोपं बघायला रोपवाटिकेत गेली. "अन् कालव्यावर गेली."

"कालव्यावर काय काम होतं?"

"काम काईच नोतं. पाहाले गेल्तो आमी."

बाबांनी आईला आधी कधी नेलं नव्हतं, ते वाईट होते म्हणून नाही. गाडीवर मागे पोतं असायचं आणि गुरांपाशी घरी कुणीतरी लागायचं. त्यांनी कधी नको म्हटलं नाही, कारण कुणी कधी विचारलंच नाही.

"इतल्या वर्सांत थे मले मागं बसवून कुठी घेऊन गेले नाई," आई म्हणाली. "आता माह्याशिवाय त्याइची गाडी हालत नाई. संक्रांतीचं हळदीकुंकू हाय बहिनीकडं. मी येतो म्हनून सांगतलं तिले."

म्हणजे मोपेड आली की आई घरी. मी अंगणात जाऊन खुर्चीवर बसले.

भावानं तीन मुद्दे मांडले. एक, पडतील. दोन, पोलिस पकडेल. तीन, लोक हसतात. तिसरा मुद्दा त्यानं सगळ्यात जास्त वेळ मांडला.

बाबा म्हणाले, "हसू दे. हसनं काई पेट्रोल खाते काय?"

"बाबा, मोपेडले गियरच नाई, क्लचच नाई. बसा अन् चाला. कायले येवढी कसरत?"

इथे ड्रायव्हरकाका पुढे सरकले. त्यांची हयात एसटी चालवण्यात गेली आहे आणि ते अजूनही खुर्चीत बसताना डावा पाय थोडा पुढे ठेवतात. ते म्हणाले, "मोपेडबी नोको अन् कासराबी नोको. गियर टाकाले क्लच लागते हे सांगतलं कोनं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पळती गाडी असेल तर ॲक्सिलेटर क्षणभर सोडायचा आणि नेमक्या त्याच वेळी पायानं गियर दाबायचा. आवाज जुळला तर गियर गुपचूप बसतो. नाही जुळला तर गाडीच्या पोटातून हाड मोडल्यासारखा आवाज येतो. काकांनी बाबांना हे महिनाभर शिकवलं होतं. दुसऱ्यातून तिसरा आणि तिसऱ्यातून चौथा आता बाबा क्लचशिवाय टाकत होते.

"धारनीच्या घाटात माहा क्लच गेल्ता," काका म्हणाले. "गाडी गच्च भरेल. वरून दोन बकऱ्या. आवाजावर गियर टाकत नेली वरपावतर. एका बाईचं लेकरू झोपेल होतं, थे उठलंबी नाई."

"काका," भाऊ म्हणाला, "मांगच्या टायमाले थो घाट परतवाड्याचा होता."

"दोनी घाटात गेल्ता. डेपोची गाडी होती थे, तुह्या दुकानातली मिक्सर नोती."

"बरं, पन सुरू कराले तं क्लच लागतेच ना?"

"नाई लागत." काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी दुसरीकडे पाहिलं. "सांग ना. वावरात करून पाह्यलं का नाई आपून?"

बाबांनी सांगितलं. गाडी न्यूट्रलमध्ये चालू करायची, सीटवर बसून पायानं ढकलत थोडी पळवायची आणि पहिला गियर टाकून द्यायचा. झटका बसतो, पण गाडी निघते. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतार आहे, तिथं दोनदा जमलं होतं.

"मंग झालं," भाऊ म्हणाला. त्याला मोपेड हवी होती, पण कासरा सुटणार असेल तर हेही चालणार होतं. "सुरूबी क्लचशिवाय, गियरबी क्लचशिवाय. मायची गरजच नाई."

आई दारात उभी होती, हातात तिळाची परात. तिनं परातीतला एक खडा वेचून अंगणात टाकला.

आता चित्र मला स्वच्छ दिसत होतं. भावाच्या मोपेडवर आईला जागा नव्हती. काकांच्या पद्धतीत आईचं काम नव्हतं. क्लचशिवाय म्हणजे आईशिवाय. बाबांनी नेमकं काय करायचं ते मला ठरवायचं होतं, आणि दुपारच्या गाडीनं अमरावतीला परत पोचायचं होतं. मी म्हटलं, नुसतं बोलून उपयोग नाही. चालवून दाखवा.

आधी काकांची पद्धत. बाबांनी गाडी चालू केली, पायानं ढकलत फाटकातून बाहेर काढली आणि पहिला टाकला. गाडीनं बैलासारखी उडी मारली. बाबांचं उपरणं मागे राहिलं, बाबा पुढे गेले. दुसरा पडला, तिसरा तर असा पडला की काकांनी समाधानानं डोळे मिटले. बाबा मारुतीच्या देवळाला वळसा घालून आले, आमच्यासमोरून गेले आणि थांबले नाहीत.

"काहून नाई थांबले?" मी विचारलं.

"न्यूट्रल भेटत नसन," काका म्हणाले. "भेटन."

बाबा पुन्हा आले. चेहरा सरळ, मान ताठ, निवडणुकीच्या प्रचाराला निघाल्यासारखे. देवळापुढे बसलेल्या मंडळींनी या खेपेला हात केला. बाबांनी हात केला नाही, कारण एकच हात चालत होता आणि तो ब्रेकवर होता. तिसऱ्या फेरीला त्यांनी चावी फिरवून इंजिनच बंद केलं. गाडी दोन गचके देऊन आमच्या उकिरड्यापाशी थांबली.

"थांबली ना?" काका म्हणाले.

मग कासऱ्याची पद्धत. आईनं परात ठेवली, पदर खोचला आणि एका बाजूला पाय सोडून बसली. तशी बसल्यानं तिचा उजवा हात पुढच्या बाजूला येतो. तिनं कासऱ्याचं टोक तळहाताला दोन वेढे देऊन घेतलं. बाबा "धर" म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांची डावी टाच जराशी उचलली गेली तेव्हाच कासरा ताणला गेला होता. पहिला पडला, कासरा ढिला होत गेला आणि गाडी निघाली. कोंबड्या बाजूला झाल्या, त्याही घाई न करता. दुसऱ्याला पुन्हा कासरा. पुढचे दोन बाबांनी एकट्यानं टाकले. तेवढ्या वेळात आईनं मोकळ्या डाव्या हातानं देवळापुढच्या मंडळींकडे बघून पदर सारखा केला. परत आले, कासरा ताणला गेला, ब्रेक लागला, गाडी फाटकाच्या बरोबर मधोमध उभी राहिली.

"हे तं कोनीबी करन," भाऊ म्हणाला. "दोरी ओढाची अन् सोडाची."

कुणीतरी करून पाहायला हवं होतं, म्हणून मी आईच्या जागी बसले. बाबा म्हणाले "धर", मी धरलं. म्हणाले "सोड", मी सोडलं. गाडी उडाली आणि बंद पडली. बाबा म्हणाले, "सोड म्हनलं, फेक नाई म्हनलं." दुसऱ्यांदा मी इतकं हळू सोडलं की इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी जागेवरच. तिसऱ्यांदा निघाली. देवळापाशी वळताना बाबा पुन्हा "धर" म्हणाले, मला ऐकू आलं नाही, आणि आम्ही मंडळींच्या पुढ्यात बंद पडलो. तिथून एकानं विचारलं, "काय बुडा, आज कंडक्टर बदलला काय?"

परत आल्यावर आईनं मला पाणी दिलं. "टाच पाहा लागते त्याइची," ती म्हणाली. "तोंडाकडं ध्यान देऊ नोको. तोंडानं थे उशिरा सांगतात."

मी सगळ्यांना बसायला सांगितलं. आईला विचारायचं होतं ते आधीच कळलं होतं. तरी एक पर्याय उरत होता, तो मांडला.

"माय, बिनगियरची स्कूटर असते. मागं सीट असते. थे तूच शिक. मी अमरावतीत चालवतो, तुलेबी जमन."

"मले चालवाची नाई वं," आई म्हणाली. "मले जाचं हाय."

मग बाबांना विचारलं. कुणाच्याही भिडेला न पडता सांगा, मोपेड, क्लचशिवाय, की कासरा.

बाबा बराच वेळ गाडीकडे पाहत बसले. पंपावर पेट्रोल भरून होईपर्यंत माणूस बसतो तसे. मग म्हणाले, "क्लचशिवाय जाते गाडी. तसं काई नाई. पन झटका बसते. गियरबॉक्सले बरं नसते थे."

"गियरबॉक्सले," आई म्हणाली.

"हो ना. मांगून दात झिजतात."

काकांना हे पटलं नाही. त्यांच्या मते नीट आवाज ओळखला तर दात झिजत नाहीत, आणि झिजले तरी बदलता येतात. त्यांनी तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि डावा पाय मागे घेतला. "झिजतात," ते म्हणाले. "पुराना गियरबॉक्स हाय."

मी निर्णय सांगितला. मोटारसायकल राहील. मोठ्या रस्त्याला जायचं नाही. अकोला नाही, अमरावती तर नाहीच. अकोट, तेही गावागावांतून जाणाऱ्या आतल्या रस्त्यानं आणि उजेडात. दोघांनाही हेल्मेट. कासरा हाताला गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत धरायचा, म्हणजे पडायची वेळ आली तर सुटेल. एका घरात दोरीनं मोडलेलं एक मनगट पुरे आहे. आणि आईनं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं.

पहिल्या सगळ्या अटी मान्य झाल्या. शेवटच्या अटीवर बैठक अडली.

"नऊवारीत?" बाबांनी विचारलं.

"पंजाबी ड्रेसमध्ये," मी म्हणाले.

आमच्या गावात आईच्या वयाच्या कुठल्याही बाईनं पंजाबी ड्रेस घातलेला नाही. काका म्हणाले, त्यांना घरी काम आहे. भाऊ उठला, गाडीला किक मारली आणि जाता जाता म्हणाला, "पडले तं मले फोन नोका करजा." मी त्याच्याच गाडीवर परत जाणार होते, म्हणून त्याला पुन्हा थांबावं लागलं. अकोल्याला पोचेपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बसस्टँडवर सोडताना त्यानं विचारलं, "मायच्या डोक्याचं माप काय असन?" मंगळवारी त्यानं दोन हेल्मेट गावी पाठवली.

हळदीकुंकवाला ती दोघं अकोटला गेली. बहिणीच्या दारात आईनं हेल्मेट काढलं, त्यात वाणाच्या वाट्या भरून आणल्यासारखं हातात धरलं आणि आत गेली. बाबा तिथल्या गच्चीवर बसून होते, बायका जाईपर्यंत. हे मला मावशीनं फोनवर सांगितलं. आई अजून एकाच बाजूला पाय सोडून बसते, हेही तिनंच सांगितलं.

कापड मी घेऊन ठेवलं आहे. बदामी रंग, बारीक बुट्टी, धुवायला सोपं. आईनं ते फोनवर पाहिलं आणि नको म्हटलं नाही. पुढच्या खेपेला मी टेप घेऊन गावी गेले. आईनं माप घेऊ दिलं नाही.

"तू काय टेलर हायेस? तुह्या टेलरनं घ्यावं."

"मंग अमरावतीले ये."

"येतो ना. कवा येऊ?"

"शनिवारी ये. अकोल्याहून गाड्या भरपूर हायेत."

"एसटीनं तं कोनीबी येते," आई म्हणाली. "आमी गाडीनं येतो. ह्याइले इचारलं मी. येतो म्हंतात."

मी तिला अट सांगितली, मोठा रस्ता नाही. ती म्हणाली, अट तर दोन्हीकडे पाय टाकून बसायचीपण आहे, आणि त्याला ड्रेस लागतो, आणि ड्रेसला माप लागतं, आणि माप अमरावतीला आहे. मी म्हटलं, टेलरला गावी आणते. ती म्हणाली, तेवढा खर्च कशाला. मग तिनं बाबांना हाक मारली. बाबा म्हणाले, हवामान बरं आहे, निघायचं असेल तर ऊन तापायच्या आधी निघावं लागेल.

तेव्हापासून दोन्हीकडून बोलणं तिथंच थांबलं आहे. कापड माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. टेलर मधूनमधून विचारतो, आईंचं माप कधी देता? माप घ्यायचं राहिलं आहे.